कप्तानाचं ताट

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावातून जहाजावर नोकरीला गेलेला मी पहिलाच. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. जहाज मालवाहू, आणि माझं काम साहेबलोकांना जेवण वाढायचं नि ताटं उचलायची. कप्तान आणि मोठा इंजिनियर ग्रीसचे, आचारी फिलिपिन्सचा, बाकीचे कुठले कुठले. सगळ्यांचं इंग्रजी एकत्र केलं तरी माझ्या सातवीच्या पुस्तकापुढे गेलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात कप्तान जेवता जेवता इंजिनियरशी बोलत होता. मी मागे उभा. मधेच तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "ने, ने."

ताटात अर्धं मटण तसंच होतं. पण साहेबांचा हुकूम. मी ताट उचलून नेलं. कप्तान हातातल्या काट्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मासळी गेली, तिसऱ्या दिवशी सूप. मला वाटलं, मुंबई बंदरात येऊन जाऊन शिकला असेल चार शब्द. खातो मात्र फार कमी.

सिंगापूरला जहाज लागलं तेव्हा आमच्या गावाशेजारच्या म्हसा गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला. बाबा ठरल्या वेळी येऊन बसले होते.

"आमचा कप्तान मराठी बोलतो," मी सांगितलं.

"मंग तू कशाला इंग्रजीत मरतो? तूबी मराठीतच बोल. त्याला बरं वाटंल."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ताटाकडे बोट दाखवून मी अदबीनं विचारलं, "साहेब, नेऊ?"

कप्तानाचा चेहरा एकदम उजळला. "ने, ने," तो म्हणाला आणि माझी पाठ थोपटली. मी भरलेलं ताट घेऊन निघालो.

संध्याकाळी आचाऱ्यानं मला बाजूला घेतलं. आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू ग्रीक शिकतोयस म्हणून कप्तान खूष आहे. पण तू त्याचं जेवण का पळवतोस?"

"मी कुठं ग्रीक शिकलो?"

"ने म्हणजे हो. ग्रीकमध्ये."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. आठवडाभर मी त्या माणसाला उपाशी ठेवलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती.

माफी मागायला गेलो. आचाऱ्यानं हातवारे करून सगळं समजावलं. कप्तान टेबलावर डोकं ठेवून हसला. त्यानं मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, घरी काय खातोस? सुकटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी बोटानं मासळी दाखवली, मग ऊन दाखवलं. त्यानं हवेत दोरी ओढली, तिच्यावर आठ पायांचं काहीतरी वाळत घातलं आणि "मामा, मामा" म्हणत आईसारखा डोक्याला पदर की रुमाल बांधून दाखवला. आम्ही दोघं अर्धा तास वाळवणावर बोललो. तिकडे इंजिनियर चहासाठी थांबून थांबून स्वतःच किटली चढवायला गेला.