वाचलेल्यांचा योगायोग

श्रीगोंद्याच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही. एका तिन्हीसांजेला मी तिथं चहाला थांबलो, आणि माझ्या मागचा मोटारसायकलवाला पुढं जाऊन वळणावर उसाच्या ट्रॉलीला धडकला. जागीच गेला.

नंतर तिथं थांबलो की, देवानंच मला चहाला थांबवलं म्हणत, मी हा योगायोग कुणाला तरी ऐकवायचो, आणि ती गाळणं जोरात आपटायची. एकदा म्हणाली, "तुमाला देवानं थांबवलं, मग त्याला काय देवानंच धाडलं व्हय? ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, त्ये न्हाई दिसलं तुमाला?"

त्या वळणावर आता शेंदूर फासलेला दगड आहे. वाचलेले लोक तिथं नारळ फोडतात, आणि बिनदिव्याची ट्रॉली त्यांच्या पाठीमागून निघून जाते.