रानाने न ऐकलेलं नाव

“भूतबित मी मानत नाय, गुरुजी. पण हाक ऐकली ती ऐकली,” असं म्हणून आमच्या सिस्टर पदराला हात पुसायच्या. बौद्ध घरातल्या. कुणी अंगात आलं म्हणून घुमत आलं, तर त्याला दोन गोळ्या देऊन दारातूनच परत पाठवायच्या.

डोळखांबच्या पुढे, सागाच्या रानाला लागून, आमच्या पाड्यावर आरोग्य उपकेंद्र होतं. तिथे त्या एकट्या राहायच्या. मी शेजारच्या शाळेवर होतो.

त्यांचे दोन कुत्रे गेले, मोती आणि राजा. लोक म्हणाले बिबट्या. सिस्टर म्हणायच्या, बिबट्या नाव घेऊन बोलवत नाही. दोन्ही वेळा त्या चुलीपाशी बसलेल्या, आणि दिवेलागणीला रानातून त्यांच्याच आवाजात कुत्र्याला हाक आली. कुत्रा शेपूट हलवत गेला तो गेलाच.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो.

तिसरं पिल्लू आलं तेव्हा त्यांचा सगळा जीव त्यात अडकला. या रानाने कधी ऐकलं नसेल असं नाव शोधा, म्हणाल्या. शाळेला कुणीतरी दिलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या खोक्यात आयर्लंडच्या पुराणकथा होत्या. मी मोठ्या ऐटीत ‘कुहुलिन’ सुचवलं.

“हे तोंडात बसंपर्यंत बिबट्या जेवून जाईल.”

मग ब्रान सांगितलं. तो एका वीराचा कुत्रा. त्या वीराच्या मावशीला कुणी जादूने कुत्री केलं होतं, तिच्या पोटचा.

“म्हंजे मावसभाऊच की,” सिस्टर कितीतरी वेळ हसत राहिल्या. “ठेवा हेच.”

पण ते नाव त्यांनी अंगणात कधी घेतलं नाही. दार लावून पिल्लाच्या कानात सांगायच्या. बाहेर नुसती टाळी. नाव आम्हा दोघांनाच ठाऊक. पाड्याला तो ‘सिस्टरचा कुत्रा’. असा जपलेला ब्रान चांगला दांडगा झाला.

एका पावसाळ्यात सिस्टर माहेरी, मुरबाडला, काविळीने वारल्या. ब्रान माझ्याकडे जेवायचा आणि त्यांच्या बंद दारापाशी जाऊन बसायचा. त्यांचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. मला त्याला गमवायचं नव्हतं.

एका संध्याकाळी तो उठला आणि रानाकडे चालू लागला. मी टाळ्या वाजवल्या, पण तो वळेना. बांध ओलांडून गेला तेव्हा माझा धीर सुटला आणि मी उघड्यावर, मोठ्याने त्याचं नाव घेतलं.

तो थांबला. वळून माझ्याकडे बघू लागला.

तेवढ्यात सागांच्या आतून कुणीतरी म्हणालं, “ब्रान.” हलकेच, दार लावून सांगावं तसं. आवाज सिस्टरांचा होता. मी तो कुठेही ओळखला असता.

ब्रानची शेपूट हलू लागली. मला दुसरी हाक मारवली नाही.