वैजयंती टाळी वाजवत नाही

केळीच्या मुलखातल्या आमच्या लालबागेत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी मांड्यांची ऑर्डर गोदाबाईंकडे जाते. गोदाबाईंना मांडे येतात का, हे विचारू नका. त्यांना बोलणं येतं. मांडे येतात वैजयंतीला. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि फाटायच्या आत चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा, हे तिला मथुराबाईनं, तिच्या मावशीनं शिकवलं. वैजयंतीला तेव्हा सगळे मुलगा समजत. आपण मुलगी आहोत हे तिनं घरात सांगितलं, त्या दिवशी बापानं कपडे रस्त्यावर फेकले आणि मावशीनं ते उचलून आपल्या घरी नेले.

लालबागनं काय केलं? लालबागनं तिचे मांडे खाल्ले. वीस वर्षं, बोटं चाटून. फक्त तिला पडद्यामागे बसवलं. फोटो काढायला पुढे लग्नघरच्या सुना, धुरात ही.

दोन वर्षांपूर्वी गोदाबाईंना बचत गट काढायचा होता. दहा बायका हव्यात, जमल्या नऊ. मग गोदाबाई स्वतः वैजयंतीच्या दारात आल्या, चहा प्यायल्या, ‘‘तू आपलीच ना वं,’’ म्हणाल्या. दहावं नाव लागलं. वैजयंतीनं एक मीटिंग चुकवली नाही.

आणि आता गटाला नव्या हाटात गाळा मिळाला, तेव्हा गोदाबाई परत आल्या. एका हातात मावा जिलबी, दुसऱ्या हातात कागद.

‘‘वैजू, उद्या गाळ्याची पूजा. तुझ्याशिवाय शुभ कसं व्हईल? हिरवी साडी घेतली तुला. दोन टाळ्या वाजव, आशीर्वाद दे, बस.’’

‘‘टाळ्या?’’

‘‘तुम्हा लोकांचा आशीर्वाद लागतो ना वं!’’

आता गंमत बघा. वैजयंती एकोणिसाव्या वर्षी किन्नरांच्या डेऱ्यावर तीन दिवस राहून आली होती. तिथल्या गुरूनंच तिला हसत परत पाठवलं होतं, ‘‘बेटा, तू टाळी वाजवतेस की भाकर थापतेस? जा, चुलीपाशी जा.’’ पण हे गोदाबाईंना कशाला माहीत असणार? तिला कधी कुणी काही विचारलंय का?

‘‘आणि हा कागद?’’

‘‘हां, राजीनामा. सही करून दे. तुझ्या जागी आमच्या सुनेला, प्राजक्ताला घेतलं. गाळ्यावर गिऱ्हाईक समोर उभं राहतं, मतलब... तुझ्या हातचं खातील का? तू टेन्शन नको घेऊ, काम तुझंच. मागं पडदा लावू.’’

वैजयंतीनं जिलबीचा डबा परत दिला, कागद ठेवून घेतला आणि तडक शेजारी गेली. शेजारी निशाचं ब्लाऊजचं दुकान. निशा शिवते, रजनी शाळेत शिकवते, आणि दोघी अकरा वर्षं एका घरात राहतात. गल्ली त्यांना मावसबहिणी म्हणते. कोणत्या मावशीच्या, ते गल्लीनं ठरवलेलं नाही. निशाला मशीनच्या कर्जासाठी बँकेत जामीन मिळेना, तेव्हा मथुराबाईच्या घराचे कागद घेऊन वैजयंती उभी राहिली होती. मावसबहिणींच्या गावभर असलेल्या नातलगांपैकी एकही आला नव्हता.

रजनीनं कागद दोनदा वाचला. ‘‘तुझ्या सहीशिवाय तुझं नाव निघत नाही. म्हणून तर जिलबी आली.’’

‘‘सही केलीस ना,’’ निशा म्हणाली, ‘‘तर पुढचं ब्लाऊज पार त्या धूलकोट गावी जाऊन शिवून घे.’’

दुसऱ्या दिवशी वैजयंती हाटात गेली ती रोजच्या सुती साडीत, मांडे करताना उतरवते तशा बांगड्या उतरवून. पाहुणे म्हणून केळीचे व्यापारी सुधाकरभाऊ आले होते. प्राजक्ता खापरापाशी घामाघूम, तिसरा मांडा फाटलेला, डोळ्यांत पाणी. त्या पोरीचा काय दोष?

‘‘आली, आली! वाजव वं!’’ गोदाबाई ओरडल्या. बायकांनी हात जोडले, लेकरं पुढे ढकलली.

‘‘मला टाळी येत नाही,’’ वैजयंती म्हणाली.

पुढे ढकललेली लेकरं बायकांनी मागे ओढली. मग मागून कुणीतरी, ‘‘शाप नको देऊ, माय.’’

झालं. वीस वर्षांचा धूर एकदम बाहेर आला.

‘‘शाप? माझ्या शापाला भिता, आशीर्वादाला हात जोडता, आणि माझ्या हातचं लोक खातील का विचारता? सुधाकरभाऊ, तुमच्या तिन्ही पोरींच्या लग्नात मांडे कोणी केले?’’

‘‘गोदाबाईंनी.’’

‘‘घ्या गोदाकाकू, हा उंडा. करून दाखवा.’’

गोदाबाई स्वतःच्या चपला बघू लागल्या.

‘‘ऊठ प्राजक्ता, हात भाजतील.’’ वैजयंती बसली. उंडा हातावर घेतला, तो चंद्रासारखा वाढत कोपरापर्यंत आला आणि खापरावर अलगद पडला. गिऱ्हाइकांच्या समोर. पहिला मांडा तिनं सुधाकरभाऊंच्या ताटात ठेवला.

भाऊंनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ‘‘मला शुगर आहे,’’ म्हणाले आणि ताट खाली ठेवलं. मधल्या पोरीच्या लग्नात याच माणसानं चार मांडे हाणले होते, वर तूप मागून. ते निघाले, त्यांच्या मागे निम्मी गर्दी निघाली.

‘‘मला वाढ,’’ निशा मोठ्यानं म्हणाली. ‘‘आणि तो पडदा काढा आधी.’’ हळूहळू दहाबारा माणसं थांबली, खाऊ लागली.

गोदाबाई जवळ आल्या. ‘‘बघितलं? गिऱ्हाईक गेलं. आता तरी सही कर.’’

‘‘नाही करणार. दहावी मीच. आणि यापुढं ऑर्डर माझं नाव सांगून घ्यायची. नाही सांगितलं तर त्या लग्नात मांडे तुम्ही करायचे.’’

तेवढ्यात गोदाबाईंचा फोन वाजला. खकनार गावच्या लग्नाची ऑर्डर. खापरापाशी बसलेली वैजयंती हात थांबवून बघत राहिली.

‘‘हो, मिळतील ना मांडे,’’ गोदाबाई म्हणाल्या. मग घसा खाकरून, ‘‘आमची वैजयंती करते. कोण म्हंजे? हो... तीच.’’ त्यांनी फोन खाली घेतला. ‘‘ठेवला त्यांनी. झालं समाधान?’’

‘‘नाही झालं,’’ वैजयंती म्हणाली आणि पुढचा उंडा उचलला. ‘‘दुसरा फोन येईल. त्यालाही हेच सांगा.’’