डाव्या चाकाचा ब्रेक

माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय घोट्यापाशी वाकडा आहे. तो मी केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच. घरात सगळे त्याला अपघात म्हणतात. भाऊ स्वतः, म्हणजे आमचा अण्णा, विचारील त्याला सांगतो, "माझीच कंजुषी नडली." तो असं म्हणाला की मी पाणी प्यायला उठतो.

अण्णा तेव्हा अडतीसचा होता, मी सत्तावीसचा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यानेच वाढवलं. वाढवलं म्हणजे शिकवलं, खाऊ घातलं आणि मारलं. वडील अण्णाला मारायचे, अण्णा मला. गौलीगुड्याच्या जुन्या घरात ती काही बातमी नव्हती, आणि कुकटपल्लीला घर घेतल्यावरही झाली नाही. माणूस सत्तावीसचा झाला की मार थांबत असेल, असं आपलं मला वाटायचं.

त्या वर्षांत त्याच्या सरकारी कारखान्याने शेकडो लोकांना स्वेच्छेने घरी जायला लावलं. मला मात्र बेगमपेटच्या एका नव्या खाजगी ऑफिसात नोकरी लागली, गळ्यात टाय घालायची. "देश खुला झाला म्हणे," अण्णा जेवताना म्हणायचा, "तुला आत घेतलं, मला बाहेर काढलं." वहिनी हसायची. मी हसायचो नाही, कारण तो हसत नसायचा.

बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या लिलावातून त्याने एक बोट आणली. फायबरची, आठ माणसं बसतील अशी, आणि तिला वाहून नेणारा दोन चाकांचा लोखंडी गाडा. तलावावर लोकांना फिरवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. बोट ठीक होती, गाडा सडला होता. बोट उतरवताना गाडा चाकांसकट पाण्यात जातो. पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. आत पट्ट्या, स्प्रिंगा, सगळं गंजून एक झालं होतं. ते आम्ही घरापुढच्या अंगणात दुरुस्त करायला घेतलं. मी रविवारी आणि ऑफिसातून आल्यावर, तो दिवसभर.

उजवा ड्रम निघायला दोन रविवार गेले. अण्णा घण मारायचा, मी छिन्नी धरायचो. घण छिन्नीवर पडला की दणका माझ्या कोपरापर्यंत यायचा आणि गंजाची लाल भुकटी डोळ्यांत जायची. एकदा घण घसरला आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. "हात कशाला हलवायलास?" तो म्हणाला, आणि पुसायला चिंधी फेकली. ती माझ्या ऑफिसच्या शर्टाची बाही होती. सकाळीच फाडली होती त्याने. मी काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा, असं लोक म्हणतात. स्वभाव कसला, सवय होती.

तिसऱ्या रविवारी डाव्या चाकाची पाळी होती. रॉकेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं, तरी ड्रम हलेना. मी म्हणालो, "अण्णा, गरम करून बघू या का? लोखंड पसरलं की सुटेल."

"तू मला शिकवायलास?"

"शिकवत नाही, नुसतं म्हणतोय."

"ऑफिसात म्हण. तिथं तुझं ऐकतात."

तो घणाने कडेकडेने ठोकत राहिला. मी पान्याने एक बोल्ट सोडवत होतो. जोर जास्त लागला आणि बोल्ट मुळापासून तुटला. त्याचा आवाज घणापेक्षा बारीक होता, पण अण्णाला बरोबर ऐकू गेला. त्याने घण खाली ठेवला. ते त्यातल्या त्यात चांगलं झालं. बाजूला जुनी ब्रेकची केबल पडली होती, तारांची, टोकाला उसवलेली. ती त्याने उचलली.

पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा मला वाटलं, चुकून लागला. दुसऱ्याला शर्ट फाटला. तिसऱ्यापासून मी मोजले नाहीत. तो बोलत होता, दर फटक्याला थोडं थोडं: "काम, येत, नाही, आणि, तोंड, चालवतो." वहिनी दारात आली आणि आत गेली. कुंपणापलीकडे शेजारचे जीपवाले चाचा उभे होते. ते म्हणाले, "छोड़ो जी, नौकरी वाला पोट्टा है." हे शब्द मला फटक्यांपेक्षा जास्त लागले. मी गाड्याखाली अर्धा सरकलो होतो, लहान मुलासारखा, हातांत डोकं धरून.

मग तो थांबला. आत गेला आणि थोड्या वेळाने दोन कप चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेऊन आला. त्याची माफी अशीच असायची. "पी," म्हणाला, "निवून जाईल." मी प्यायलो. मग त्याने स्टोव्ह पेटवून आणला, ड्रम गरम केला, चार ठोके मारले आणि ड्रम निघाला. मी सांगितलं तसंच झालं होतं.

ड्रम, पट्ट्या घासून लखलखीत केल्या. स्प्रिंगा नव्या घातल्या. पट्ट्यांवरचं, घासून चाक अडवणारं अस्तर मात्र त्याने जुनंच ठेवलं: "अजून दोन वर्षं जाईल." तुटलेल्या बोल्टच्या जागी नवा बसवला. ड्रम चढवला. शेवटचं काम माझं होतं. पुढच्या दांड्यावर हाताने ओढायचा ब्रेक होता. त्याची डाव्या चाकाकडची केबल चाकामागच्या एका छोट्या पट्टीत पिनेने अडकवायची. बोटभर लांबीची पिन. मी गाड्याखाली उताणा पडलो. पाठ जमिनीला टेकली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. केबल जागेवर नेली, पिन हातात होती, आणि मी ती घातली नाही. केबल नुसती वरून अडकवून ठेवली, ओढ बसली की सुटेल अशी. पिन खिशात टाकली. विसरलो नाही. घाईत नव्हतो. मला नीट आठवतंय, मी जरा वेळ तसाच पडून होतो.

कारखान्यात त्यांची एक रीत होती, ती अण्णाने घरीही चालवली. एकाने पुढे ब्रेकची दांडी ओढायची, दुसऱ्याने जॅकवर उचललेलं चाक हाताने फिरवायचं आणि चाक अडलं की मोठ्याने म्हणायचं, "धरला." दांडीवाल्याने उठून बघायला यायचं नाही. चाकावरच्या माणसाचा शब्द हीच सही. तो शब्द खोटा निघाला तर कारखान्यात माणूस पुन्हा कामावर उभा राहू शकत नसे, असं तोच सांगायचा.

त्याने दांडी ओढली. मी चाक फिरवलं. ते मोकळं, सुरेख फिरलं, जराही आवाज न करता.

"बोल," अण्णा म्हणाला.

"धरला," मी म्हणालो.

मला काय व्हायला हवं होतं? मी पुष्कळदा विचार केलाय. तलावावर चार लोकांपुढे त्याची फजिती व्हावी, बोट गाड्यासकट पाण्यात जावी, इतकंच, असं मी स्वतःला सांगायचो. ते पूर्ण खरं नाही. त्याला लागावं असं मला वाटत होतं. किती लागावं, हे मी ठरवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी चाचांच्या जीपला गाडा जोडून आम्ही तलावावर गेलो. उतार शेवाळलेला होता. चाचा जीप खाली न्यायला तयार नव्हते, म्हणून गाडा उतारावर सोडवला, दोन्ही चाकांमागे विटा लावल्या आणि अण्णाने ब्रेक ओढला. आता गाडा दोराने जीपला बांधून हळूहळू पाण्यात सोडायचा होता.

"पहले रस्सी बांधो, भाई," चाचा म्हणाले.

"ब्रेक है ना. चाकावर माझा भाऊ होता," अण्णा म्हणाला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी तीन पावलांवर उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही.

उजव्या चाकाची वीट त्याने हाताने काढली. गाडा हलला नाही. डाव्या चाकाची वीट त्याने पायाने ढकलली. चाक त्याच पायावर चढलं. आधी हाडाचा आवाज आला, मग त्याचा. उजवं चाक अडलेलं होतं, म्हणून गाडा गर्रकन फिरला आणि अण्णाला पायाने ओढत पाण्यापर्यंत घेऊन गेला. बोट कलंडली. शेवाळावर लाल रेघ उमटली. चाचांनी आणि मी त्याला बाहेर काढलं तेव्हा पावलाची दिशा भलतीच होती. तो शिव्या देत होता, गाड्याला, गंजाला, स्वतःला. मला एकही नाही.

चाचांनी त्याला जीपमध्ये घातलं. "चलो," मला म्हणाले. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी बोट बघतो." जीप गेली. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, गाड्याखाली हात घातला, चाचपडत केबल शोधली आणि आठवडाभर खिशात बाळगलेली पिन जागच्या जागी बसवली. मग दवाखान्यात गेलो. अण्णाने माझा हात धरला आणि म्हणाला, "जुनं अस्तर ठेवायला नको होतं बे. तू एकदा तरी बोलायचंस." तीन ऑपरेशनं झाली. बोट विकली. त्यानंतर त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही, आणि मी ते कधी मनापासून उपभोगलं नाही.

आता तो साठीपुढे गेलाय. पायरी उतरताना माझा खांदा धरतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलाला सांगत होता, "स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर फार विश्वास ठेवू नको, माझ्याकडे बघ." मुलगा मान डोलवत होता. मी तिथेच होतो.

अण्णाचं काम चोख होतं. अस्तर जुनं असलं तरी धरलं असतं; उजव्या चाकाचं तेच अस्तर होतं आणि त्याने धरलं. हे त्याच्यासमोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघत सांगणं मी त्याला देणं लागतो. इथे लिहिलं म्हणून ते फिटत नाही. त्याला आता चष्म्यानेही वाचायला जमत नाही, हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.