पायजम्याचा हर्निया

जांघेत हर्निया निघाला तेव्हा आम्ही जपानात, उरायासुला राहत होतो. जपानी कंपन्यांना सॉफ्टवेअरवाले हवे होते आणि पुण्याहून आम्ही विमानं भरभरून येत होतो, तो काळ. सर्जन म्हणाले, जाळी बसवावी लागेल; पद्धती तीन आहेत, विचार करून सांगा. दुसरा कुणी तिथल्या रीतीनं डॉक्टरांना ‘सेन्सेई, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून कमरेत वाकला असता. मी घरी येऊन इंटरनेट उघडलं.

वाचून डोक्यात काही शिरेना. मग होम सेंटर नावाच्या घरसामानाच्या दुकानातून खिडकीला लावायच्या मच्छरजाळीचा तुकडा आणला, जुन्या पायजम्याला योग्य जागी भोक पाडलं आणि आत उशी कोंबली. उशीचा कोपरा भोकातून डोकावला. हुबेहूब मी!

बायको स्वयंपाकघरातून आली. “अहो, हे काय?”

“हर्निया.”

“पायजम्याला?”

तिला समजावलं. एक पद्धत म्हणजे बाहेरून भोकावर जाळी ठेवून कडेनं टाके घालायचे. दुसरीत जाळीचा शंकू करून तो बुचासारखा भोकात बसवायचा. तिसरी दुर्बिणीची, तिच्यात जाळी आतल्या बाजूनं लावतात. ही मला फारच आवडली. उशी बाहेर यायला जितका जोर करेल, तितकी जाळी पोटाच्या भिंतीला घट्ट चिकटणार. चोरालाच वॉचमन नेमायचं!

“मग तीच करा की.”

“तिच्यात पूर्ण भूल देतात,” असं म्हणून मी उशी सारखी करत बसलो.

खरी गोम तिथे होती. परक्या देशात, अर्ध्यामुर्ध्या कळणाऱ्या भाषेत कुणी मला झोपवणार, आणि मी उठलोच नाही तर? हे बायकोला सांगायची लाज वाटत होती, म्हणून हे सगळं संशोधन.

पुढच्या भेटीला बायकोही बरोबर आली. पायजमा जाळीसकट पिशवीत घालून नेला आणि सर्जनच्या टेबलावर पसरला. नर्सनं तोंडावर हात धरला. सर्जन मात्र हसले नाहीत. वाकून त्यांनी माझी जाळी बोटानं चाचपली.

“लहान पडली. भोकाच्या चहूबाजूंनी भरपूर पुढे जायला हवी, नाहीतर कडेनं पुन्हा निसटेल.”

एवढं प्रोत्साहन मला पुरलं. बूच पुढे आकसतं का? टाक्यात एखादी नस सापडली तर? ते प्रत्येक उत्तर चित्र काढून देत होते. शेवटी बायकोच शेजारणींकडून शिकलेल्या जपानीत म्हणाली, “सेन्सेई, यांना झोपायची भीती वाटते.”

मी पायजम्याची नाडी गुंडाळू लागलो.

“असं होय! मग पहिली पद्धत करू,” सर्जन म्हणाले. “तेवढाच भाग बधिर करता येतो. तुम्ही जागेच राहा.”

राहिलो. छातीपाशी पडदा, पलीकडे नुसती ओढाताण कळत होती. “आता कुठला टाका?” मी विचारत होतो आणि ते बिचारे सांगत होते. मग म्हणाले, “आता खोका.” जाळी धरते का, ते बघायचं होतं.

तिथल्या ऑफिसात राहून मला माणसांत खोकायचीही चोरी झाली होती. मी छातीतल्या छातीत, शेजाऱ्याची माफी मागितल्यासारखा खोकलो.

“जोरात.”

पुन्हा तेच.

“घरी खोकता तसं!”

मग मात्र मी बेंबीच्या देठापासून असा खोकलो की बाजूच्या ट्रेमधली हत्यारं खणखणली.

“हलली नाही,” सर्जन म्हणाले.

मी विचारलं, “पुन्हा खोकू?”