पुलावर हसायचं नाही

महिन्यातून एकदा ट्रक आतून झाडला की सीटखालून काय काय निघतं! एका पायाचा मोजा, वाळलेली केळ्याची साल, आणि पार्टनरचा तो चष्मा, जो मीच लपवला असं तो तीन आठवडे सांगत फिरत होता. (लपवला मीच होता. कुठे ते विसरलो होतो.) किस्सेही तसेच साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही. मंडळाच्या पिकनिकला कुणी नुसतं "काय काका, सध्या कुठे?" म्हटलं की भसाभस बाहेर पडतात.

परवा वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तेच तेच किती वेळा सांगाल? एकदाचं लिहून टाका." त्यांना वाटलं, लिहिलं की मी बोलायचा थांबेन. भाबड्या आहेत.

तर मी वसंत. नववी नापास, वय सदुसष्ट. ॲन आर्बरच्या मराठी मंडळात नावापुढे डॉक्टर नाही आणि मागे पीएचडी नाही असा मी एकटाच. पण अठरा चाकं आहेत! थोरला भाऊ, म्हणजे दादा, इथे हार्टचा डॉक्टर होता, आता रिटायर झालाय. त्याने कागदपत्रं करून मला बोलावून घेतलं तेव्हा त्याची इच्छा होती, वसंताने कुठेतरी बसून नोकरी करावी. बसूनच करतो. फक्त ताशी पासष्ट मैलांनी!

पार्टनरचं नाव गेना. रशियन आहे. वीस वर्षं रशियात ट्रक चालवून मग इकडे आला. 'वसंत' त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून मला 'वास्या' म्हणतो. एक चालवतो, एक मागच्या बंकवर झोपतो. असे आम्ही अकरा वर्षं मिशिगनहून कॅनडाभर हिंडतोय. गेना हसत नाही; त्याच्या बायकोचीही तीच तक्रार. विनोद सांगितला तर नीट ऐकून घेतो आणि विचारतो, "मग पुढे काय झालं?"

*

दादाच्या मनगटाला सिमकार्डवालं घड्याळ आहे. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. थंडीत बाहेर पडवत नाही, म्हणून हा माणूस डायनिंग टेबलाभोवती प्रदक्षिणा घालतो. बघून मलाच चक्कर येते.

एकदा निघताना मी ते घड्याळ गुपचूप उचललं आणि आमच्या जुन्या ट्रकच्या थरथरणाऱ्या गिअरला बांधून टाकलं.

दोन दिवसांनी बेलव्ह्यूहून पुतण्याचा, अमेयचा, दादाला फोन. "बाबा, आर यू ओके? तुमचं वॉच कॅनडात सस्कॅचेवान दाखवतंय! अँड थर्टी-वन थाउजंड स्टेप्स!"

दादा सोफ्यावर, हातात चहा. शांतपणे म्हणाला, "हो. जरा फिरायला आलोय." आणि फोन ठेवला.

मग मला फोन. "वश्या, नालायका, घड्याळ परत आण!"

"आणतो ना दादा."

मग हळूच, वहिनींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "चाळीस हजार करून आण."

*

आता खरं दुखणं सांगतो. माझी जीभ. सगळीकडे चालते ती, पण डेट्रॉइटच्या पुलावर चालत नाही. पूल ओलांडला की कॅनडा. तिथे खिडकीत ऑफिसर बसलेला असतो. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. दीड मिनिटाचं काम. पण ते दीड मिनिट मला बाळंतपणासारखं जातं.

डिसेंबरात वहिनींनी डिंकाचे लाडू दिले होते. हाडं बळकट होतात म्हणे. खिडकीतल्या पोराने विचारलं, "काही डिक्लेअर करायचंय? हत्यारं, दारू, तंबाखू?"

म्हटलं, "हत्यार नाही सर. वहिनींचे लाडू आहेत. पण काम तेच करतात."

झालं! ट्रक बाजूला. ग्लोव्ह्ज घातलेल्या दुसऱ्या एकाने डबा उघडला, लाडू उचलला आणि टेबलावर आपटला. टक्! पुन्हा आपटला. टक्!

"हे खायचं असतं?"

"असं त्या म्हणतात, सर."

मग कुत्रा आणला. कुत्र्याने एक लाडू हुंगला, माझ्याकडे दयेने बघितलं आणि तोंड फिरवून बसला. चाळीस मिनिटांनी सगळे लाडू परत मिळाले, पण कॉम्प्युटरवर माझ्या नावाची नोंद झाली: ड्रायव्हर तपासणीत थट्टा करतो.

घरी येऊन सगळं रडगाणं वहिनींना ऐकवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "परत दिले ना त्यांनी? मग खा."

*

दुसरी नोंद अलीकडच्या, अमेरिकेच्या बाजूची. परत येत होतो. ऑफिसरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. एक काळा वाळका, एक गोरा ढब्बू. विचारलं, "तुमची दोघांची ओळख कशी?"

मी म्हटलं, "अरेंज्ड मॅरेज, सर."

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बसवलं. गेनाला याचा काही पत्ता नाही. त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्याने बापडा जे खरं ते सांगितलं:

"कंपनीने ठरवलं. त्याआधी मी त्याला बघितला नव्हता. आता अकरा वर्षं झाली. घोरतो, पण माणूस चांगला आहे."

*

या नोंदीनंतर शेरिलने ऑफिसात बोलावून घेतलं. ही आमची डिस्पॅचर, कुणी कुठला माल न्यायचा ते ठरवणारी. बाई एरवी गोड, त्या दिवशी चेहरा दगडी. समोर एक पत्र होतं.

"वास्या, आता तिसरी नोंद झाली की तुझं बॉर्डरचं कार्ड जाणार. आपल्या सगळ्या लांबच्या ट्रिपा पलीकडच्या आहेत, तुला माहितीये. कार्ड गेलं की तू यार्डात. ट्रेलर धुवायचे."

"यार्ड किती मोठं आहे आपलं?"

"वास्या!"

मला एका जागी ठेवणं म्हणजे शिक्षाच. मागे ट्रक दुरुस्तीला गेला होता, तेव्हा चार दिवस दादाकडे होतो. त्या चार दिवसांत त्यांचा सोफा मी तीनदा हलवला, चालत्या गाड्या दिसाव्यात म्हणून खिडकीशी नेऊन ठेवला, आणि बसल्या बसल्या उजव्या पायाने गालिच्यावर ब्रेक मारत राहिलो. चौथ्या दिवशी वहिनींनीच गॅरेजला फोन केला: "त्यांचा ट्रक लवकर द्या. जास्तीचे किती ते मी देते."

आता यार्डात पाइप धरून उभा राहीन आणि समोरून गेना दुसराच पार्टनर घेऊन निघून जाईल. हे चित्र डोळ्यासमोरून हलेना.

*

गेनाने मला सुधारायचं मनावर घेतलं. गाडी चालवता चालवता त्याने त्याच्या मुलखातली एक गोष्ट सांगितली.

कझाकस्तानच्या बॉर्डरवर बर्फाचं वादळ. रस्ता बंद. ट्रकांची रांग तीन दिवस जागची हलली नाही. लोक स्टोव्ह पेटवून रस्त्यातच सूप करतायत, अनोळखी माणसं एकमेकांच्या केबिनमध्ये झोपतायत. चौथ्या दिवशी रांग सरकली. गेनाच्या पुढच्या ट्रकात कांदे. ऑफिसरने विचारलं, काय भरलंय? तो ड्रायव्हर तुझ्यासारखा होता, वास्या. म्हणाला, "अस्वल."

"मग?"

"मग सगळे कांदे उतरवले. वीस टन. हातांनी. मागे मी अडकलो होतो, म्हणून मीही उतरवले."

"मग? निघालं अस्वल?"

गेनाने दहा-बारा मैल विचार केला.

"अस्वल नव्हतं. बकरी निघाली."

"बकरी? कांद्यात बकरी कुठून आली?"

"तेच तो ड्रायव्हर विचारत होता."

*

मग सुरू झाली प्रॅक्टिस. ओहायोतल्या एका ट्रक स्टॉपवर, भर दुपारी, गेना काळा गॉगल लावून ड्रायव्हरच्या खिडकीत बसला. मी खाली पार्किंगमध्ये उभा, हातात पासपोर्ट.

"कुठे चाललात?"

"सासरी."

"पुन्हा. कुठे चाललात?"

"टोरांटोला."

"किती दिवस?"

"पाहुणचार कसा होतो ते बघून ठरवू."

"पुन्हा."

असं अकरा वेळा! बाराव्या वेळी मी सगळी उत्तरं एकेका शब्दात दिली. गेनाने समाधानाने मान हलवली. मी अभिमानाने मागे वळून बघतो तर काय! शेजारच्या ट्रकचे सरदारजी, कॉफीचा कप एका हातात आणि पासपोर्ट दुसऱ्या हातात, माझ्या मागे मुकाट लायनीत उभे.

"भाईसाब," त्यांनी काळजीने विचारलं, "ये नया बॉर्डर कब खुला?"

*

प्रॅक्टिस फळाला आली. जानेवारीत सहा वेळा पूल ओलांडला, सहाही वेळा मी म्हणजे मौनीबाबा. शेरिलने तर डोनट दिला.

मग फेब्रुवारीत तो माल आला.

कॅनडात कुठेतरी बर्फाच्या मूर्ती कोरायची जत्रा होती. त्या लोकांना काचेसारखा आरपार दिसणारा बर्फ लागतो, आणि तो आमच्या गावाजवळ एक जण मशिनमध्ये मुद्दाम बनवतो. चाळीस लाद्या. बाहेर थंडी उणे बावीस. आणि गंमत अशी, की हा बर्फ फार गारठला तर तडकतो. म्हणून ट्रेलरचं मशिन चालू ठेवून आत जरा ऊब ठेवायची. शेरिलने कागदावर लिहिलं, 'फ्रोझन प्रॉडक्ट, चाळीस नग'.

खिडकीत वयस्कर बाई होत्या. मी मनात म्हटलं, वसंता, एकेक शब्द.

"फ्रोझन काय?"

"पाणी, मॅम."

त्यांनी चष्मा काढला. "पाणी?"

"बर्फ, मॅम."

"तुम्ही कॅनडात बर्फ घेऊन चाललात."

"हो, मॅम."

"फेब्रुवारीत."

"हो, मॅम."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ वाचत होत्या. आता त्यांना लाडू भेटले असणार, मग लग्न. मागे ट्रेलरचं मशिन घरघरत होतं.

"आणि ते मशिन कशाला चालू आहे?"

मी डोळे मिटले. "बर्फ गरम ठेवायला, मॅम."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मिस्टर वसंत, तुमच्या नावावर दोन नोंदी आहेत."

"माहितीये, मॅम. आईशप्पत सांगतो, बर्फच आहे." सदुसष्ट वर्षं बंडला मारल्या, सगळ्यांनी खपवून घेतल्या. आज अक्षर न अक्षर खरं बोलतोय आणि माझाच त्यावर विश्वास बसेना!

ट्रक बाजूला घ्यायला लावला. दार उघडलं. त्या बाई आणि आणखी दोघे आत चढले. चाळीस लाद्या, अशा स्वच्छ, की पलीकडे उभ्या ऑफिसरच्या कोटाची बटणं मोजता येत होती. बाईंनी ग्लोव्ह काढून एका लादीला बोट लावलं. काढलं. पुन्हा लावलं. एकाने कोपऱ्यात बॅटरी मारून बघितली. काही नाही. बर्फ, बर्फ आणि बर्फ!

बाई खाली उतरल्या. हातातला फॉर्म वर धरला आणि पुढचा रकाना वाचला. अगदी सरळ चेहऱ्याने, कारण रकान्यात तसंच छापलेलं होतं:

"हा माल धंद्यासाठी, की पर्सनल यूझसाठी?"

अहो, काय सांगू! असा प्रश्न माणसाला जन्मात एकदाच मिळतो. तीन उत्तरं एकदम जिभेवर येऊन ढकलाढकली करायला लागली. मला यार्ड दिसलं. पाण्याचा पाइप दिसला. मी दातांखाली जीभ अशी दाबली की डोळ्यांतून पाणी आलं. "धं..." एवढंच तोंडातून निघालं, "धं..."

आणि माझ्या खांद्यामागून गेनाचा आवाज आला. शांत, जड.

"पर्सनल. मी रशियन आहे. घरची फार आठवण येते."

मशिन घरघरत राहिलं. बाईंनी गेनाकडे बघितलं, गेनाने बाईंकडे. दोघांच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग बाई आत गेल्या. टकटक टायपिंग ऐकू आलं. माझे पाय तिथल्या तिथे ब्रेक मारत होते. बाई एक कागद घेऊन बाहेर आल्या, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दार लावा. निघा."

मी कागद उलगडला. नोंदच होती: ड्रायव्हर तपासणीत थट्टा करतो. पण वर नाव गेनाचं!

पुढे गेना चालवायला बसला. पंधरा-वीस मैलांनी त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे केला.

"दे तो कागद इकडे."

मी दिला. त्याने मांडीवर ठेवून तळव्याने दाबत दाबत त्याच्या चुण्या काढल्या, नीट घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दिला.

"बायकोला दाखवायचाय," म्हणाला.