दादांना सगळ्या होड्या दिसतात

पालघरला डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटची नावं पुकारते. किस्से जमवावे लागत नाहीत, आपणहून बाकावर येऊन बसतात. पूर्वी घरी जेवताना सांगून सगळ्यांना हसवायची. हल्ली सांगताना मान खाली जाते, कारण त्या बाकावर आता माझे वडील, आमचे दादा, असतात.

*

सफाळ्याच्या एका काकूंनी डॉक्टरांपुढे चष्मा ठेवला. "शेजारणीचा हाय. यातून झकास दिसतं, हाच नंबर द्या."

"अहो, तुमचा नंबर वेगळा आहे."

"मग तो तिला द्या."

*

बोईसरच्या कारखान्यातला एक वेल्डर लालभडक डोळा घेऊन आला. डोळ्यात कण गेला की म्हणे त्यांचा फोरमनच रुमालाच्या टोकानं काढतो. "साब, उसका हाथ एकदम सेट है."

डॉक्टर वैतागले. "मग आज त्याच्याकडेच जायचंस!"

"वो छुट्टी पे है साब. आँख का ऑपरेशन है."

*

उमरोळीच्या एका आजोबांनी थेंब घालणं बंद केलं. का, तर "झोंबत नाय ते औषध कसलं?" मी त्यांना चांगलं लेक्चर दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, तुजा बापूस घालतो का?"

मी पुढचं नाव पुकारलं.

*

दादांना काचबिंदू आहे. कडेची नजर आधी जाते, समोरचं बरेच दिवस नीट दिसतं आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी मलाच समोर बसवून सांगितलं. थेंब रोज, जन्मभर. दादांचा जन्म दर्यावर गेलेला. "बावट्यावरनं मी होडी वळखतो. मला दिसत नाय?"

इतकी वर्षं दवाखान्यात काढून मला दादांचंच पटत होतं. लाज वाटते, पण पटत होतं.

परवा ते मला केळव्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. लांबून एकेक होडी येत होती आणि दादा बावटा बघून नाव सांगत होते. एकही चुकलं नाही. आई मागाहून आली आणि काही न बोलता त्यांच्या डाव्या अंगाला हातभरावर उभी राहिली. राहू द्या ते थेंब, असं मी म्हणणारच होते.

दादा खुशीत म्हणाले, "बगितलंस? जा, आता तुज्या आयशीला बोलव. तिला पन कळू दे."